जोडलेलं हसू

बॅगा दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी एका दुकानाची दोन दुकानं केली, तेव्हा वाटणी अगदी चोख झाली. मधे प्लायवूडची भिंत उभी राहिली. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. थोरल्याकडे शिलाई आली: कातडं, कापड, अस्तर, पट्टे. धाकट्याकडे लोखंड आलं: चाकं, कुलपं, कड्या, चेनचे रनर. वाटता आली नाही ती एकच गोष्ट, गिऱ्हाइकाची बॅग. बॅग काही वाटणीपत्र बघून फाटत नाही. चाक निखळतं तेव्हा शेजारचं कापडही सोबत घेऊन जातं. आणि थोरल्याला रिबिट ठोकता येत नव्हती, तर धाकट्याला सरळ टाका घालता येत नव्हता. म्हणून भिंतीत एक खिडकी ठेवावी लागली. बॅग जाईल एवढी मोठी, माणूस जाणार नाही एवढी लहान.

त्या खिडकीतून बॅगा जायच्या, बोलणं जायचं नाही. खडूनं काम भागायचं. गोल म्हणजे इथं बिघडलंय. फुली म्हणजे हे होणार नाही, गिऱ्हाइकाला नाही म्हण. दोन आडव्या रेघा म्हणजे माझं झालं, आता तू बघ. गिऱ्हाइकासमोर बिघाडाची चर्चा नको म्हणून त्यांच्या वडिलांनी या खुणा काढल्या होत्या. आपली पोरं पुढं याच खुणांवर संसार करतील, हे त्या बिचाऱ्याच्या मनातही आलं नसेल.

फारच अडलं तर गिऱ्हाइकाला मधे घालायचे.

"साहेब, जरा पलीकडच्यांना सांगा, हँडल उलटं बसलंय."

पलीकडचे खिडकीत हातभर अंतरावर उभे. तेही साहेबांकडेच बघून सांगायचे, "साहेब, त्यांना म्हणावं, बॅग उलटी धरलीय."

नवं गिऱ्हाईक हसायचं. जुनं गिऱ्हाईक निमूट निरोप्याचं काम करायचं. अकरा वर्षं हे असं चाललं होतं. माणसं उधारी विसरतात, उपकार तर त्याहून लवकर विसरतात. अबोला मात्र कुणी बुडवत नाही, त्याचे हप्ते रोजच्या रोज भरतात.

बटणी ही थोरल्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिनं दुकानातलं एक प्रेसबटण गिळलं होतं, तेव्हापासून सगळी गल्ली तिला बटणी म्हणायची. बापाला ती आप्पा म्हणायची. काकाशी ती राजरोस बोलायची, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. काकानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या वाट्याची सगळी माया या एकाच खात्यात जमा व्हायची. दोघांचं नेमकं कशावरून बिनसलं, हे तिला माहीत नव्हतं. आई म्हणायची, "स्वभाव." आप्पा म्हणायचे, "कामाची पद्धत." काका काहीच म्हणायचा नाही.

धंदा मात्र दोन्हीकडे सारखाच ओसरत चालला होता. लोक बॅग शिवून घेण्याऐवजी टाकून देऊ लागले होते. बटणी एका मालवाहतुकीच्या कचेरीत सकाळपुरती जायची. तिथं चहाच्या सुट्टीत तिनं फोनवर एक कोर्स बघितला: छोट्या धंद्यासाठी पॉडकास्ट. कोर्सवाला गुळगुळीत दाढीचा, दर वाक्याला स्वतःवरच खूश होणारा माणूस होता. तो म्हणायचा, माल विकू नका, गोष्ट विका. एकट्याचं बोलणं कुणी ऐकत नाही, दोघं पाहिजेत, एकानं बोलावं, दुसऱ्यानं दाद द्यावी. आणि शांतता दिसली की कापा.

"म्हणजे रेडिओ?" आप्पांनी विचारलं.

"रेडिओसारखंच. पण लोक पाहिजे तेव्हा ऐकतात."

"आणि ऐकून बॅग शिवून होते?"

"ऐकून बॅग तुमच्याकडं येते, आप्पा."

आप्पांनी सुई मेणावरून ओढली. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पलीकडचे काय म्हणाले?"

पलीकडचे म्हणाले होते, "तोंड माझ्या चाकांना आहे, मला नाही." आणि मग सहज विचारल्यासारखं, "तो बोलणार आहे?"

दोघांनी एकच अट घातली: समोरासमोर बसणार नाही. बटणीला ते आधीच माहीत होतं. तिनं कोर्सवाल्याच्या दोन माणसांचा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. दोघांचं वेगवेगळं बोलणं घ्यायचं आणि लॅपटॉपवर एकाला एक जोडायचं. शेवटी शिंप्याचीच पोर.

बोलणं घ्यायची जागाही तिनं दुकानातच शोधली. बाहेर रस्त्यावर ट्रकचे भोंगे. मग तिनं मोठाल्या सूटकेस उघडून उभ्या केल्या, त्यांच्यात जुनी अस्तरं आणि फोम कोंबला, आणि तसल्या तीन भिंतींच्या आत एक स्टूल आणि माईक ठेवला. दुपारी शटर अर्धं खाली आलं की आधी आप्पांकडे ही खोली उभी राहायची, मग खिडकीतून एकेक सूटकेस पलीकडे जायची आणि काकाकडे उभी राहायची. पहिल्याच दिवशी काकाकडे माईक लावताना सगळ्यात मोठ्या सूटकेसचं झाकण तिच्या डोक्यावर मिटलं आणि ती कमरेपर्यंत आत गेली. बाहेर राहिलेले दोन पाय बघून काका हसला. तो सहसा हसायचा नाही, आणि हसला की त्याला थांबता यायचं नाही. नाकातून सुरू होऊन पोटात जायचं, मधेच खोकला यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. माईक चालू होता. बटणीनं ते हसू पुसलं नाही. ठेवून दिलं, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं.

कार्यक्रमाचं नाव 'सामानसुमान'. पहिल्या भागात आप्पा विचारतात, "बॅगेत आधी काय मरतं, चाक की हँडल?" आणि काका उत्तर देतो, "मालकाची अक्कल. दोन माणसांचं सामान एका बॅगेत भरतो, मग चाकाला शिव्या." खरं तर हा प्रश्न काकाला बटणीनं विचारला होता. पण जोड इतका बेमालूम बसला की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं एका बाकावर बसलेत, मधे चहा आहे, आणि अशा गप्पा यांच्या रोजच चालतात.

लोकांना आवडलं. फार नाही, पण गल्लीबाहेरची माणसं बॅगा घेऊन येऊ लागली. कुणीतरी लिहिलं, 'भाऊ असावेत तर असे.' आप्पांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "लोकांचं बरं असतं. नुसते कान घेऊन येतात."

पण बटणीनं एक गोष्ट हेरली. आप्पा प्रत्येक भाग कानाला हेडफोन लावून ऐकायचे, "आवाज नीट आलाय का बघतो" म्हणून. आणि स्वतःचं बोलणं आलं की पुढं सरकवायचे. काकाचं आलं की मागं. त्याचं ते अक्कलेचं वाक्य तर त्यांनी इतक्यांदा ऐकलं की आई म्हणाली, "पाठ करून परीक्षेला बसणार आहात का?"

एका दुपारी आप्पांनी हेडफोन काढला, दोरा ओवता ओवता म्हणाले, "बोलताना माझं नाव निघतं का गं त्याच्या तोंडून कधी?"

काका आप्पांना 'पलीकडचे' म्हणायचा, आणि तो शब्द बटणी प्रत्येक वेळी कापायची. ती म्हणाली, "निघतं की. मी कापते. उगाच लांबण लागते."

"काय म्हणतो? दादा म्हणतो?"

"हो. दादाच म्हणतो."

आप्पांनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "एखादे वेळी राहू देत जा," ते म्हणाले. "दोन अक्षरांनी काही लांबत नाही."

मग ते सुईतच बघत राहिले. त्या दिवशी बटणीला कळलं की हा कार्यक्रम ती धंद्यासाठी करतेय, आप्पा त्या दोन अक्षरांसाठी. आणि ती अक्षरं तिच्याकडे नव्हती.

पुढच्या भागासाठी आप्पांनी अंगठीची गोष्ट सांगितली. ही त्यांची हुकमी गोष्ट होती, बटणीनं घरी कितीदा तरी ऐकलेली. एका मुख्याध्यापिका बाईंनी प्रवासाची बॅग अस्तर बदलायला दिली. चार दिवसांनी बाई दुकानात हजर: बॅगेच्या कप्प्यात माझी अंगठी होती, ती गेली. आणि अंगठी कुठं? तर जुन्या अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यातून घरंगळत तळाशी गेलेली, आणि आप्पांनी वरून नवं अस्तर ठाकठीक शिवून टाकलेलं! बाई पुढं दोन आठवडे बॅग घेऊन प्रवास करत होत्या, तक्रार सांगत होत्या, आणि अंगठी त्यांच्याच बॅगेत. "मी अंगठीला कायमचं घर बांधून दिलं होतं," आप्पा शेवटी म्हणायचे, "बाईंनी उगाच भाडेकरू बाहेर काढला." सांगताना ते बाईंचा आवाज काढायचे. गोष्ट खरंच रंगायची.

त्या आठवड्यात काकाचं बोलणं नेमकं कोरडं झालं होतं, चेनला मेणबत्ती कशी घासावी यावर. गोष्टीला दाद पाहिजे होती. कोर्सवाला म्हणत होताच. पण बटणीला त्याची आठवण नंतर झाली, आधी झाली ती दोरा तोडणाऱ्या आप्पांची. दोन अक्षरं नसतील आपल्याकडे, पण एक हसू आहे. तिनं ते काढलं आणि 'भाडेकरू बाहेर काढला' याच्या शेवटाला टाचलं. नाकातून सुरू, मग पोटात, मधे खोकला. कुठं जोड म्हणून दिसेना.

भाग बाहेर पडला आणि सगळ्यात जास्त ऐकला गेला.

आप्पांनी तो दुकानात बसून ऐकला. हसू आलं तेव्हा त्यांनी हात वर करून बटणीला गप्प राहायची खूण केली, जणू ती बोलत होती. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन बाजूला ठेवून म्हणाले, "हसला."

"हो, आप्पा."

"त्या गोष्टीला हसला तो." आप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. पुसायला काच बरी असते, डोळे पुसतोय असं दिसत नाही. "मग झालं. मग काही राहिलं नाही."

काय राहिलं नाही, हे बटणीनं विचारलं नाही. बाप इतका हलका झालेला तिनं बघितला नव्हता. देणाऱ्याला आपल्या देण्याचं कौतुक असतं. माल कुठून उचलला हे तो त्या वेळी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चहावाल्याकडून दोन ग्लास घेतले. खिडकीतून दिले असते तर पोचले असते. पण ते बाहेर पडले, फुटपाथवरून चार पावलं चालले आणि धाकट्याच्या दारातून आत गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बटणीला त्या दिवशी कचेरी नव्हती, ती खिडकीतून बघत होती.

काकाकडे एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्यानं नुकतंच काकाला सांगितलेलं तिनं ऐकलं होतं: "काय हसलात हो त्या अंगठीवर! आम्ही घरात सगळे तुमच्याबरोबर हसलो."

"काय मग?" आप्पा दारात उभं राहून म्हणाले. दोन्ही हातांत ग्लास. "थंड व्हायच्या आत घे."

काकानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. त्यानं आप्पांकडे बघितलं नाही. तो गिऱ्हाइकाकडे वळून, नेहमीच्या पद्धतीनं, अगदी हळू म्हणाला, "साहेब, दारात कुणी आलं असेल तर सांगा, दुकान बंद झालंय."

सकाळचे दहाही वाजले नव्हते. गिऱ्हाईक एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. निरोप पोचवायची गरज नव्हती. आप्पांनी एक ग्लास काउंटरवर ठेवला, दुसरा हातात तसाच घेऊन परत आले. जरा वेळानं खिडकीच्या पलीकडून फळी लागल्याचा आवाज आला, आणि मग खिळे. धाकट्याचा हात खिळ्यावर कधी चुकत नसे. त्या दिवशी दोनदा चुकला.

"गिऱ्हाईक होतं त्याच्याकडे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, त्या गोष्टीचं काही..."

"हसला ना तो?" आप्पांनी एकदम विचारलं. "मी ऐकलंय ना? माझ्या कानांनी?"

इथं बटणीनं सांगायला हवं होतं. वेळ होती, दुकानात तिसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायला फक्त एक वाक्य लागत होतं. ती म्हणाली, "हसले, आप्पा."

"मग असेल काहीतरी त्याच्या डोक्यात. येईल."

तो आला नाही. बॅगा आता फुटपाथवरून गिऱ्हाईकच इकडून तिकडे न्यायचं. आप्पा एकाच बॅगेचं अस्तर शिवायचे, उसवायचे, पुन्हा शिवायचे. त्याच आठवड्यात, सुई हातात असतानाच, ते बाकावरून कलंडले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलणं परत येईलसं दिसत नाही.

घरी आणल्यावर आप्पांना खिडकीशेजारच्या खाटेवर बसतं केलं. डावा हात चालायचा, आणि त्या हाताला एक नवाच चाळा लागला होता. पायजम्याच्या डाव्या खिशात हात घालायचा आणि खिसा ओढून बाहेर काढायचा. पांढरं कापड जिभेसारखं लोंबत राही. आई येता-जाता तो आत सारायची.

"रुमाल हवाय का?" ती विचारायची. रुमाल दिला की आप्पा तो टाकून द्यायचे आणि पुन्हा खिसा ओढायचे. "आजारपणात असं होतं म्हणे," आई बटणीला हळूच म्हणायची. "लहान मुलासारखं."

काका इस्पितळातही आला नाही, घरीही नाही. गल्लीनं त्याचा निवाडा केव्हाच करून टाकला. गल्लीला कागदपत्रं लागत नाहीत.

शेवटी बटणी त्याच्या दुकानात गेली. काका एका चाकाचा आस काढत बसला होता. काउंटरच्या कोपऱ्यात चहावाल्याचा एक रिकामा ग्लास होता, परत न दिलेला.

"आप्पांची वाचा गेली, काका."

"कळलं. चहावाल्यानं सांगितलं." तो खालीच बघत होता. "जेवतो का?"

"भरवावं लागतं."

पक्कड थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"त्या गोष्टीला तुम्ही हसला नव्हतात," बटणी म्हणाली. "ते हसू मी जोडलं. मी सूटकेसमध्ये पडले होते ना, त्या दिवसाचं."

काकानं पक्कड खाली ठेवली.

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," तो म्हणाला. "मी रोज विचार करतोय, कधी हसलो मी? कुणासमोर हसलो? माझाच आवाज, माझाच खोकला. वाटलं, उतारवयात माणूस आपल्याच अब्रूवर हसतो की काय."

"अब्रूवर? काका, ती तर अंगठीची गोष्ट."

"खिसे सांगितले का त्यानं?"

"कसले खिसे?"

"नाही सांगितले." काकानं मान हलवली, जणू त्याला हिशेब बरोबर लागला. "कधीच सांगत नाही. बाईंचा आवाज काढतो, भाडेकरू म्हणतो, आणि खिसे गाळतो. अगं, बाई ओरडत आल्या तेव्हा दुकान भरलेलं होतं. बाई म्हणाल्या, बॅगेला हात कुणाकुणाचा लागला? तुझा बाप म्हणाला, आम्हा दोघांचाच. आणि मग माझ्याकडे वळला. 'खिसे उलटे कर,' म्हणाला. 'बाईंची खात्री पटू दे.' स्वतःचे नाही केले त्यानं. मला म्हणाला. मी केले. दोन्ही. एकात खडू होता आणि एकात चेनचे दोन रनर. सगळं दुकान बघत होतं. अंगठी कुठं होती? त्याच्या टाक्याखाली."

"आणि सापडली तेव्हा?"

"तेव्हा हसला. 'चला, सापडली एकदाची,' म्हणाला. तेव्हा माझं लग्न एके ठिकाणी जुळत आलं होतं. त्या माणसांना बाई ओळखत होत्या. अंगठी सापडली ही बातमी तिथवर पोचली नाही. खिसे पोचले."

बटणीला बसायला काही नव्हतं. ती एका बॅगेवर बसली.

"मी भिंत घातली, पण खिडकी ठेवली," काका म्हणाला. "कशाला ठेवली? बॅगा काय, दारातूनही गेल्या असत्या. म्हटलं, एक दिवस एका बॅगेबरोबर एक शब्द येईल. 'चुकलं.' बास. मी काय त्याला दुकानासमोर उभा करणार होतो?" मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "ते हसू मी तुला दिलं होतं गं. तू ते त्याला दिलंस."

बटणी उठली तेव्हा काका पाठमोरा होऊन म्हणाला, "तुझ्याकडे त्याचं सगळं बोलणं आहे ना? कापलेलंसुद्धा? ऐक एकदा. मला सोडून सगळ्यांशी बोलायचा तो. कुठंतरी म्हणाला असेल."

बटणी घरी आली आणि आप्पांच्या खाटेशेजारी जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली. आप्पांचं बोलणं तिनं पहिल्यापासून ऐकायला घेतलं, कापून टाकलेल्या तुकड्यांसकट. सुताचे प्रकार. कातड्याचे वास. बाईंचा आवाज. भिंतीला टेकून बसलेले मुके आप्पा आणि कानात धबधब्यासारखे बोलणारे आप्पा. 'चुकलं' तिला सापडलं. टाका चुकला की आख्खी ओळ उसवावी, असं एकदा. माप घेताना माझं चुकलं, असं एकदा. धाकट्याबद्दल एकदाही नाही.

पण शब्द होता. आवाज होता. दुसऱ्या एका भागात आप्पा म्हणाले होते, "आमच्या धाकट्याला विचारा," चाकाबद्दल. बटणीच्या बोटांनी हे तुकडे आपसूक शेजारी आणून ठेवले. आमच्या धाकट्याच्या बाबतीत माझं चुकलं, असं काहीतरी होत होतं. तिनं एकदा वाजवून बघितलं. बेमालूम होतं. काकाला कधीच कळलं नसतं. अकरा वर्षांचं येणं एका बोटानं फिटत होतं.

"बघ बाई, पुन्हा ओढलाच," आई म्हणाली आणि आप्पांचा खिसा आत सारायला वाकली.

बटणीनं मान वर केली. आप्पांचा हात खिशात होता. ते आईकडे बघत नव्हते. तिच्या लॅपटॉपकडे बघत होते, जिथून त्यांचाच आवाज येत होता. आईनं खिसा आत सारला. आप्पांनी तो पुन्हा बाहेर ओढला, पार टोकापर्यंत, शिवण दिसेल असा उलटा.

बटणीनं जोडलेलं वाक्य पुसलं. मग चपला घातल्या आणि ती निघाली.

"शब्द नाही सापडला, काका," ती त्याच्या दारात म्हणाली.

"माहीत होतं मला." तो नेहमीसारखाच बोलला, पण हातातला रनर त्याला चेनमध्ये बसवता येईना. "तो नाहीच म्हणणार."

"पण तुम्ही चला."

"कशाला? आता काय बोलणार तो?"

"चला तुम्ही," बटणी म्हणाली. तिला अजून काही सांगता आलं असतं. पण आयुष्यात एकदा तरी कुणाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडात न घालता तसंच पोचू द्यावं, असं तिला वाटलं.

काकानं हात धुतले. शटर पूर्ण खाली ओढलं.

"या भावोजी," आई दारात म्हणाली, आणि मग पुढं काय म्हणावं हे न सुचून, "पाणी आणते," म्हणाली. पण आणायला गेली नाही.

काका खाटेसमोर उभा राहिला. आप्पांनी त्याला ओळखलं. डावीकडचा अर्धा चेहरा हलला, उजवा तसाच राहिला. त्यांचा डावा हात खिशाकडे गेला. पांढरं कापड बाहेर आलं.

"सारखं हेच चाललंय," आई कसनुसं हसत पुढं झाली. "रुमाल दिला तरी..."

"राहू दे, वहिनी," काका म्हणाला.

आई थांबली. आप्पांनी हात मांडीवरून पलीकडे नेला. उजवा खिसा. तिथवर हात पोचत नव्हता. त्यांनी अंग पुढं झुकवलं, बोटं पायजम्याच्या शिवणीवरून घसरली. पुन्हा नेली. पुन्हा घसरली. घशातून एक आवाज निघाला, ज्याचा कुठलाच शब्द होत नव्हता. तरी बोटं तो दुसरा खिसा शोधत राहिली.

काका खाली बसला आणि त्यानं तो हात धरला.

"पुरे, दादा," तो म्हणाला. "एकच पुरे."

आप्पांनी ऐकलं. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. काका गुडघ्यांवर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत, वाट बघत राहिला. आईनं या वेळी तो खिसा आत सारला नाही. आता बोलायची पाळी आप्पांची होती.